पाच-नऊ-नऊ

"जे ऐकलंस तेच लिही, बाई. जे ऐकायला हवं होतं ते लिहायला खात्याला तू नकोस."

हा आवाज मास्तरांचा. तारेच्या शाळेत, ओल धरलेल्या भिंतींच्या खोलीत, एकोणीस मुलगे आणि पाच मुली पितळी यंत्रांपुढे माना घालून बसायच्या आणि मास्तर पाठीमागून फुटपट्टी घेऊन फिरायचे. फुटपट्टी त्यांनी कधी कुणाला मारली नाही. तिची धार त्यांच्या आवाजातच होती. एकदा तारबाईने न मिळालेलं एक अक्षर अंदाजाने भरलं आणि अंदाज बरोबर निघाला. मास्तरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, त्या अक्षराकडे बराच वेळ पाहिलं आणि हे वाक्य बोलले. बरोबर आलेल्या अक्षरापायी त्या दिवशी तिला शून्य मिळालं. ह्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. मास्तर गेले, शाळा गेली, मागाहून तारही गेली. आवाज तेवढा जागचा हलला नाही.

तो आवाज ऐकायला कान लागत नाहीत हे एक बरं होतं. कारण कान चालले होते.

ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती: तिला आणि देशातल्या एका कानाच्या डॉक्टरला. त्याने कागदावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ काढून दाखवली. आधी वरचे सूर जातात, म्हणाला, बारीक आवाज, पाखरं, बांगड्या. मग हळूहळू खालचे. यंत्र लावलं तर बोलणं कळेल, पण बारकावा परत यायचा नाही. तिने तो कागद चार घड्या घालून पातळांच्या तळाशी ठेवला आणि तशीच लेकीकडे परदेशात निघून आली. लेक इथे चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवून "आता बरं की मघाशी बरं?" विचारणारी. तिला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांच्या तोंडी बसवलं असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे जावई कनवाळू झाला असता. बहिरेपण सोसता आलं असतं. जावयाची दया सोसायला तिच्या अंगात बळ नव्हतं.

ऑफिसात तिला तारबाई म्हणत. नवरासुद्धा, होता तोवर, घरात हाक मारताना तेच म्हणायचा. अठरा वर्षं ती एकाच तारेवर बसली, आणि त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला, दूरच्या एका गावात, चिमणी बसायची. चिमणी हे नाव तारबाईनेच ठेवलेलं. तिचा हात तसाच होता. अंगणात दाणे टिपावेत तशी अक्षरं पडायची, टिप टिप टिप, आणि दर शब्दाच्या शेवटी एक बारीकशी उडी, जशी काही पाखराला कुणाची चाहूल लागली. शंभर हातांतून तो हात ओळखू यायचा. दोघींनी एकमेकींची तोंडं कधी पाहिली नाहीत. पण कोणाचं मूल तापाने फणफणलंय, कोणाचा नवरा रुसलाय, कोण आज उपाशीपोटी कामाला आलीय, हे पहिल्या दोन शब्दांत कळायचं. दुःख असलं की चिमणीची उडी मोडायची.

रिटायर झाल्यावर त्या एकदा, एकदाच, फोनवर बोलल्या. चिमणीचा आवाज जाड आणि खालच्या पट्टीतला निघाला, एखाद्या वकिलीणबाईसारखा. दोघींनी हवापाण्याची चौकशी केली आणि परक्या बायकांसारखा फोन ठेवला. पुन्हा कुणी केला नाही. मग एके दिवशी चिमणीचं पत्र आलं, की मी हौशी रेडिओचं लायसन्स काढलंय, घरावर एरियल लावलीय, तूही काढ, परदेशातून सुद्धा पोचतं, आपण पूर्वीसारखं बोलू.

तारबाईला जगात मागायचं एवढंच उरलं होतं. कान पुरते मिटण्याआधी ती उडी एकदा ऐकायची.

आणि त्या वाटेवर मांडी घालून जावई बसला होता.

जावई तसा वाईट नव्हता, हाच त्याचा मोठा दोष. वाईट माणसाला नावं ठेवली की जेवण गोड लागतं. ह्याला ठेवली की आपलंच तोंड कडू. तो शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना थंडीचा वास असायचा आणि डोक्यात नवा छंद. तीन वर्षांत चार छंद झाले होते. मासे धरायचा गळ बाल्कनीत उभा होता, पाव भाजायचं लोखंडी भांडं पलंगाखाली होतं, डोंगर चढायच्या दोरावर आता टॉवेल वाळायचे, आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग रेडिओच्या सेटने खाल्ला होता. उरलेल्या अर्ध्यावर तिघं कोपराला कोपर लावून जेवायची.

लायसन्स त्याने तारबाई येण्याआधीच काढलेलं. कसं काढलं ते लेकीने मोठ्या कौतुकाने सांगितलं. परीक्षेला येऊ शकणारे सगळे चारशे प्रश्न आधीच छापून मिळतात, त्यांतले चाळीस विचारतात. ह्याने चारशेच्या चारशे उत्तरं न्हाणीघरातल्या आरशाभोवती चिकटवली आणि दाढी करताना पाठ केली. तारबाईने सहज विचारलं, लाटेची लांबी कशी काढायची हो? जावई खळखळून हसला आणि म्हणाला, "क." उत्तर बरोबर होतं, हे आणखी वाईट.

पण त्याच्या हौसेची खरी पत तिला कळली ती एका रविवारी. जावई कानाला मोठे गोळे लावून कुठल्याशा अनोळखी माणसाशी तोंडाने बोलत होता. रेडिओवर भेटलं की आधी एकमेकांना आकडे द्यायचे असतात. पहिला आकडा, बोलणं किती समजतंय, एक ते पाच. दुसरा, आवाज किती जोरात येतोय, एक ते नऊ. चावीने, म्हणजे तारेसारखं टिपटिप करत, बोलत असाल तर तिसरा, सूर किती निर्मळ, तोही नऊपर्यंत. जावयाने त्या माणसाला पाच आणि नऊ दिले. म्हणजे तुम्ही माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखे ऐकू येता. आणि लगेच पुढच्या श्वासात म्हणाला, कृपा करून आपलं नाव पुन्हा सांगा, मला काहीच कळलं नाही.

तारबाई हातातली भाजी निवडायची थांबली. तिने विचारलं, हे असं कसं? तर जावई म्हणाला, आई, सगळेच देतात. पाच-नऊ नाही दिले तर समोरच्याला वाईट वाटतं. चावीवर पाच-नऊ-नऊ. रीतच आहे ती.

"रीत," तारबाई म्हणाली, आणि देठ मोडला.

तारेच्या खात्यात 'मिळालं' नावाचं एक अक्षर होतं. ते पाठवलं की जबाबदारी समोरच्याच्या अंगावरून उतरून तुमच्या अंगावर यायची. अठरा वर्षांत तारबाईने न मिळालेल्या गोष्टीला मिळालं म्हटलं नव्हतं. वादळात तारा ओरडायच्या, चिमणी सात-सात वेळा तोच शब्द पाठवून रडकुंडीला यायची, तरी ही आपली 'पुन्हा, पुन्हा' करत बसायची. आणि इथे ही धडधाकट माणसं, कोट्यवधी लाटा मोकळ्या असताना, एकमेकांना पाच-नऊचे फुगे वाटत फिरतात. हळदीकुंकवाला जाऊन न खाल्लेल्या लाडवाची चव वाखाणणाऱ्या बायकाही बऱ्या. त्या निदान लाडू पदराखाली तरी नेतात.

जावई एकदा म्हणालाही, आई, तुम्हाला लायसन्स कशाला हवं, माझ्यावर पाठवा ना. मी शेजारी बसतो, नियमात बसतं.

"दुसऱ्याच्या सहीने मी आजवर रजिस्टरची ओळसुद्धा लिहिली नाही, जावईबापू," ती म्हणाली. जावयाने मान डोलावली आणि सेटची बटणं पिळत बसला. बटणं पिळणं हा त्याचा पाचवा छंद असावा.

परीक्षा अग्निशमन केंद्राच्या माडीवर होती. खाली लाल गाड्या उभ्या, जिन्याच्या खांबाला ओले पाइप लोंबकळत वाळत घातलेले, आणि वर लांबट खोलीत घडीच्या खुर्च्या. परीक्षा घेणारे तिघे हौशी म्हातारे. त्यांतला म्होरक्या टोपीवाला. टोपीवर स्वतःचं रेडिओवरचं नाव सोनेरी दोऱ्याने शिवून घेतलेलं, न जाणो विसरला तर. परीक्षेला बसलेल्यांत तारबाई एकटीच बाई आणि सगळ्यांची आजी. इथली भाषा तिला कागदावर उत्तम यायची. बोलताना तोंडात खडा धरल्यासारखं व्हायचं, आणि आता ऐकतानाही.

चाळीस प्रश्न, तीस बरोबर आले की पास. प्रत्येकापुढे एक पेन्सिल आणि एक खोडरबर ठेवला होता. तारबाईने तो खोडरबर दोन बोटांनी, मेलेलं झुरळ सरकवावं तसा, टेबलाच्या कडेला सारला. पाठांतर तिने केलं नव्हतं. पुस्तकं वाचली होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जशी वाचायची असतात तशी. तीन प्रश्न तर तिला चुकीचेच वाटले, पण ते सांगायला खिडकी नव्हती. पाच ठिकाणी आधी एक गोल काळा केला आणि मग विचार बदलला. तिने काय केलं, जे ती जन्मभर करत आली तेच. चुकीच्या गोलावर एक सरळ आडवी रेघ, बरोबर गोल काळा, आणि बाजूला बारीक सही. तारघरात खोडणं म्हणजे चोरी. चूक दिसली पाहिजे, आणि कुणाची ते कळलं पाहिजे.

कागद एका छिद्राछिद्रांच्या पट्टीखाली धरून तपासले जात होते. टोपीवाल्याने तिचा कागद धरला, पुन्हा धरला, दुसऱ्या दोघांना दाखवला. मग तिच्याजवळ येऊन वाकला आणि सावकाश, एकेक शब्द तोडत, मोठ्याने बोलू लागला. परक्या माणसाशी ओरडून बोललं की त्याला भाषा कळते असं त्याला वाटत असावं. आजींचे तेहेतीस बरोबर आहेत, पण पाच ठिकाणी दोन-दोन गोल काळे आहेत, आणि दोन गोल म्हणजे चूक. अठ्ठावीस. नापास. ह्या सह्या कशाच्या?

त्याचा प्रत्येक शब्द तिला स्वच्छ ऐकू आला. ह्या देशात आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि घडून घडून हे ऐकू आलं.

घरी लेकीने कपाळाला हात लावला. "आई, रबर दिला होता ना गं? पुसायचं, त्यात काय एवढं."

तारबाई ताटं मांडू लागली. हिला आपण नऊ महिने वाढवलं, बाराखडी शिकवली, शाईचे डाग कसे काढायचे ते शिकवलं, मुळातलंच राहिलं. जावई मात्र हसला नाही. तो म्हणाला, सह्या केल्या हे भारी आहे. तारबाईला वाटलं, टिंगल करतो आहे, आणि तिने त्याच्या ताटात भात जरा कमी वाढला.

दुसऱ्या परीक्षेला दोन महिने होते. बोलायला लायसन्स लागतं, ऐकायला नाही, म्हणून रोज संध्याकाळी जावई घरी आला की ती सेटपुढे बसायची. आधी तिला त्या सेटचा सूरच रुचला नव्हता. तारघरात पितळ बोलायचं, कडकट्ट कडकट्ट, माणसाच्या दातांसारखं. इथे आपली शिट्टी. पण आठवडाभरात हात, म्हणजे त्या अक्षरांमागचे हात, शिट्टीतूनही दिसू लागले. एक घाईतला, एक दारू प्यायलेला, एक नुकताच शिकलेला नि प्रत्येक अक्षरापुढे उंबरा असल्यासारखा अडखळणारा. जावयाचा स्वतःचा हात म्हणजे जिन्यावरून रिकामे डबे सुटावेत. तो शेजारी बसून शिकायचा आणि अधूनमधून काहीतरी पिळायचा.

पुढे शिट्टीची पिपाणी झाली आणि पिपाणीचा झाला बेडूक. कसा, ते तिला नीट सांगता आलं नसतं; दिवसादिवसाने सेटचा सूर उतरत गेला. ऐकायला सोपं जायचं हे खरं, पण काय तो आवाज. डबक्यात बसून कुणी वेद म्हणावेत.

"तुमच्या सेटला सर्दी झालीय," ती म्हणाली.

"स्वस्तातला आहे, आई," जावई म्हणाला.

ती मनात म्हणाली, माणूस तसा माल.

दुसऱ्या खेपेला टोपीवाल्याने तिला लांबूनच ओळखलं आणि स्वतःच्या हाताने, लहान मुलाला खाऊ द्यावा तसा, खोडरबर पुढ्यात ठेवला. चाळीस मिनिटांपैकी पहिली तीस तारबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पेन्सिलीला शिवली नाही. बाकीचे घासत होते, पुसत होते, फुंकर मारून कचरा उडवत होते. सगळी खोली रबराच्या वासाने भरली. ती एकेक प्रश्न मनातल्या मनात सोडवत गेली आणि उत्तरं बोटांच्या पेरांवर ठेवत गेली, पेरं संपल्यावर पुन्हा करंगळीपासून. मग पेन्सिल उचलली आणि आठ मिनिटांत चाळीस गोल काळे केले. सतराव्याला हात घसरला. शेजारचाच गोल काळा झाला. खोडरबर वीतभर अंतरावर होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्यानेही तिच्याकडे पाहिल्यासारखं वाटलं, आणि ती अठराव्याकडे गेली.

एकोणचाळीस. टोपीवाल्याने हात मिळवला आणि ओरडून अभिनंदन केलं.

टपालाने लायसन्स आलं, त्यात रेडिओवरचं नाव. अक्षरं आणि एक आकडा. तारबाईने ते टेबलावर बोटाने वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. सुरुवातीला तीन लांब, मग हात आखडता घेतल्यासारखं काहीतरी, आणि शेवटचं अक्षर पायरी चुकल्यासारखं पडणारं. नाव ठेवायलासुद्धा ह्यांनी कान वापरला नव्हता. चिमणीचं रेडिओवरचं नाव, पत्रात आलेलं, किती चांगलं होतं, फुगडीच्या फेरासारखं गोल येऊन मिळणारं. पण मिळालं ते मिळालं. तिने लेकीच्या फोनवरून चिमणीला वार, वेळ आणि सेटवरची जागा कळवली. चिमणीचं उत्तर आलं, एकच शब्द: मिळालं.

रविवारी सकाळी आठला देशाकडे वाट मोकळी असते, असं जावयाने तक्त्यात पाहून सांगितलं. तारबाईने न्हाऊन घेतलं, ऑफिसात नेसायची तसलं कडक पातळ नेसलं, आणि देशातून सामानात घालून आणलेली आपली पितळी चावी सेटला जोडायला लावली. जावयाने प्लॅस्टिकची नवी घेतली होती. तिच्याकडे पाहून तारबाईला दूधपित्या लेकराचा खुळखुळा आठवला. लेक चहा करत होती. जावई शेजारच्या खुर्चीवर बसला. नको म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण सेट त्याचा, टेबल त्याचं, खुर्चीही त्याचीच.

तिने हाक दिली. मनगट सैल, कोपर टेकलेलं. चव्वेचाळीस वर्षांत चावी विसरली नव्हती की मनगट. आपलं ते अडखळतं नाव तिने इतकं सफाईने पाठवलं की त्यालाही चाल आल्यासारखं झालं. मग गप्प बसली.

सेट खरखरत राहिला. कुठून कुठून लाटा येत होत्या, रिकाम्या हातांनी.

पुन्हा हाक दिली.

आणि त्या खरखरीच्या तळाशी, खोल आडात कुणी कळशी आपटावी तसं काहीतरी आलं. टिप, टिप. मग काही नाही. मग टिप. फुगडीतला अर्धा फेर. चिमणीच होती, चिमणीच असावी. तारबाई पुढे वाकली. कानांवरचे गोळे दोन्ही हातांनी दाबून धरले. अक्षरं येत होती आणि मधूनच विरत होती, ओल्या पाटीवर लिहावं तशी. 'तुझा' मिळालं. पुढचा शब्द गेला. 'अजून' मिळालं, की 'अजून' असावंसं तिला वाटलं? तिने कागदावर ते लिहायला पेन्सिल टेकवली आणि थांबली. ओल धरलेल्या त्या जुन्या खोलीतली फुटपट्टी तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

'पुन्हा,' तिने पाठवलं.

चिमणीने पुन्हा पाठवलं. तेवढंच मिळालं, तेवढंच गेलं. उडी कुठे होती? शब्द संपत होते आणि शेवटी नुसता काठ होता, त्यावरून कुणी उडत नव्हतं. चिमणी दुःखात आहे का? की उडी आहे आणि मलाच दिसत नाही?

'पुन्हा.'

तिसऱ्यांदा. आणि मग समोरून प्रश्न आला, छोटा, सगळ्यांना पाठ असणारा, म्हणून तो तिला पुरता मिळाला आणि तिने लिहिला. माझा आवाज कसा येतोय? आकडे दे.

जावई कागदाकडे पाहत होता. त्याला तेवढा प्रश्न ओळखता आला. तो कुजबुजायला म्हणून वाकला, पण बोलला मोठ्या आवाजात, जसा तो अलीकडे तिच्याशी नेहमीच बोलायचा आणि तिला वाटायचं की शीतगृहातल्या यंत्रांनी ह्याला ओरडायची सवय लावलीय. म्हणाला, पाच-नऊ-नऊ द्या, आई. सगळेच देतात.

तारबाईचा हात चावीवर होता.

तीन-तीन द्यावे तर खरे. एवढंच मिळत होतं. पण ते खरे कशाचे? चिमणीची एरियल पडकी आहे म्हणून, की लाटा कमी आहेत म्हणून, की एका डॉक्टरने कागदावर काढलेल्या त्या उतरत्या रेघेमुळे? चिमणी तिकडे दणदणीत येत असेल आणि ही तीन-तीन देऊन मोकळी होईल, तर ती बिचारी उद्या माणूस बोलावून घरावर चढवेल आणि चांगली एरियल उतरवून तपासत बसेल. चांगल्या हाताला वाईट म्हणणं हे पाच-नऊच्या फुग्याहून हलकट. आकडा द्यायला आधी कान लागतो. जन्मभर लोकांच्या खोटेपणाला नाक मुरडत आलेल्या बाईकडे आज एकही खरा आकडा नव्हता.

जावयाचा हात सेटकडे गेला.

"काही पिळू नका," ती म्हणाली.

"फक्त सूर, आई. थोडा अजून खाली घेतो."

अजून.

तारबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. शिट्टी, पिपाणी, बेडूक. रोज संध्याकाळी थोडं थोडं. स्वस्तातला सेट. ह्या माणसाने, ज्याला लाटेची लांबी विचारली तर 'क' म्हणतो त्याने, तिच्या कानाची उतरती रेघ न पाहता गिरवली होती, पायरी पायरीने, ती उतरेल तसा स्वतः सेट घेऊन खाली उतरत. आणि तोंडातून अवाक्षर नाही. जन्मात पहिल्यांदा ह्याने काहीतरी पाठ न करता केलं होतं, आणि तेच तिला कळलं नव्हतं. तिला स्वतःचीच शिसारी आली. ऐकण्याची एवढी मिजास, आणि घरातलं ऐकलं नाही.

जावयाचा हात बटणाजवळ हवेत थांबला होता. तो खाली पाहत होता, चोरी पकडल्यासारखा.

तिने चावीकडे तोंड वळवलं आणि पाठवायला सुरुवात केली. आकडे दिले नाहीत. पाठवलं ते असं: तुझा आवाज चांगला असेल. माझा कान गेलाय. आकडे देता येत नाहीत. चूक माझी. आणि शेवटी, जिथे सही करायची असते तिथे, आपलं ते अडखळतं नाव.

तिकडे शांतता. एवढी लांब की लेकीच्या चहाचं आधण वाजलेलं समजलं असतं, ज्याला समजतं त्याला.

मग सेट पुन्हा बोलला. अक्षरं सावकाश येत होती. एकेक, मध्ये जागा सोडून, नव्या शिकणाऱ्याला पाठवतात तशी. तारघरात जाणत्या हाताला कुणी असं सावकाश पाठवलं तर तो अपमान असायचा. तारबाईने एका पोरसवदा तारवाल्याला एवढ्यावरून महिनाभर फाडून खाल्लं होतं. आता ती मुकाट्याने घेत होती. पण अजूनही कडा विरत होत्या. एक अक्षर, मग धूर, मग एक अक्षर.

"काय पाठवलंत, आई?" जावयाने विचारलं. "एवढं भरभर मला नाही कळलं."

लेक दारात कप घेऊन उभी होती. तारबाईने कानांवरचा डावा गोळा थोडा सरकवला. पातळांच्या तळाशी चार घड्यांत ठेवलेली गोष्ट तोंडात आली तेव्हा तीही खड्यासारखीच लागली, पण ती मराठीत होती.

"मला ऐकू येत नाही, जावईबापू," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. हिला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. घ्या, अजून खाली घ्या."